सभासद की गिऱ्हाईक?

 

आपल्या कार्यक्रमाकडे एका गटाचा प्रश्न आला आहे. प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. त्या विचारतात : "आमच्या गटाकडे विमा कंपनीचा एक माणूस येतो. तो म्हणतो, सगळ्या सभासदांचा विमा आमच्याकडे काढा, शिवाय तुमच्या सासू-सासऱ्यांचाही काढा, आम्ही गटाला दर हप्त्यामागे काही टक्के देऊ. गटाची शिल्लक वाढेल. हे घ्यावं का?"

फुकटचा पैसा दिसतो हा. सभासदाला विमा मिळतो, गटाला टक्के मिळतात, कंपनीला गिऱ्हाईक मिळतं, मग नुकसान कुणाचं? याचं उत्तर द्यायला मी तुम्हाला आज लांब नेणार आहे, थेट अमेरिकेत. कारण हाच प्रश्न तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका फार मोठ्या संघटनेपुढे सत्तर वर्षांपूर्वी आला होता. त्यांनी त्याला "हो" म्हटलं. पुढं काय झालं, ते सगळं जगासमोर आहे.

त्या संघटनेचं नाव एएआरपी. पूर्वी पूर्ण नाव होतं अमेरिकन असोसिएशन ऑफ रिटायर्ड पर्सन्स, म्हणजे निवृत्त माणसांची संघटना. १९९९ साली त्यांनी लांब नाव सोडलं आणि नुसती अक्षरं ठेवली, कारण आता निवृत्त असायची अटच नाही. वयाची पन्नास वर्षं पूर्ण झाली की सभासद होता येतं. वर्गणी वर्षाला पंधरा-वीस डॉलर, तिथल्या मानानं किरकोळ. सभासद किती? पावणेचार कोटींच्या आसपास. आपल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश!

ही संघटना एका बाईनं काढली, हे आधी सांगायला हवं. एथेल पर्सी अँड्रस असं त्यांचं नाव. लॉस एंजेलिस शहरातल्या एका मोठ्या हायस्कूलच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. कॅलिफोर्निया राज्यात हायस्कूलची मुख्याध्यापिका झालेली पहिली बाई त्याच. १९४४ साली त्या निवृत्त झाल्या आणि निवृत्त शिक्षकांच्या हालहवालाचं काम बघू लागल्या. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कुणीतरी त्यांना म्हणालं, अमुक एका जुन्या शिक्षिकेची जरा चौकशी करा. बाई पत्ता शोधत गेल्या. मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं होतं, त्यात ती शिक्षिका राहत होती. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, हातात तुटपुंजं पेन्शन, आजारी पडली तर दवाखान्याला पैसे नाहीत.

अँड्रसबाईंनी १९४७ साली निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. मुख्य मागणी एकच, म्हातारपणी आजाराचा विमा मिळावा. त्या काळात अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला विमा द्यायला कंपन्या तयारच नसत. त्यांचं गणित सरळ होतं : हा माणूस आजारी पडणारच, मग याचा विमा कशाला काढायचा? बाई एकेका कंपनीचं दार ठोठावत होत्या आणि प्रत्येक दारात नकार मिळत होता. शेवटी न्यू यॉर्क राज्यातला लेनर्ड डेव्हिस नावाचा एक विमा दलाल भेटला. तो म्हणाला, एकेकट्याचा विमा कुणी काढणार नाही, पण हजारो शिक्षकांचा एकगठ्ठा गट दाखवला तर कंपनी तयार होईल. आणि तसं झालं. १९५६ च्या सुमारास शिक्षकांचा गट-विमा सुरू झाला. तो इतका चालला की शिक्षक नसलेली म्हातारी माणसंही विचारू लागली, आम्हाला का नाही? म्हणून १९५८ साली सर्वांसाठी एएआरपी निघाली.

आपल्या गटात एकटीला बँक कर्ज देत नव्हती, दहा जणी एकत्र आल्यावर दिलं. तसंच आहे हे. तेव्हा गट-विमा ही मुळात वाईट गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. खुराड्यातल्या त्या शिक्षिकेसारख्या हजारो माणसांना त्यानं दवाखान्याचं दार उघडलं.

मग बिनसलं कुठं?

डेव्हिस हुशार माणूस. त्यानं १९६३ साली स्वतःची विमा कंपनी काढली, नाव कॉलोनियल पेन. एएआरपीच्या सभासदांना विमा विकायचा तो याच कंपनीनं. संघटनेचं मासिक घरोघरी जाई, त्यात याच कंपनीच्या जाहिराती. अँड्रसबाई १९६७ साली वारल्या. कंपनी मात्र वाढत गेली आणि देशातल्या सगळ्यात जास्त नफा कमावणाऱ्या कंपन्यांत तिची गणना होऊ लागली. आता विचार करा, विमा कंपनी एवढा नफा करते म्हणजे काय? म्हाताऱ्यांनी भरलेले हप्ते जास्त आणि त्यांना परत मिळालेली भरपाई कमी. १९७८ साली 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्हीवरच्या मोठ्या कार्यक्रमानं हे चव्हाट्यावर आणलं. ही संघटना म्हाताऱ्यांसाठी विमा कंपनी शोधते आहे की विमा कंपनीसाठी म्हातारी माणसं शोधते आहे, असा प्रश्न देशभर झाला. त्यानंतर संघटनेनं त्या कंपनीशी संबंध तोडले आणि दुसऱ्या कंपन्यांकडे गेली. पण कंपनी बदलली, पद्धत तीच राहिली.

ती पद्धत नीट समजून घेऊ, कारण सगळी तक्रार त्याच्यात आहे.

अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्या माणसांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे, त्याला मेडिकेअर म्हणतात. तो १९६५ च्या कायद्यानं आला. पण तो सगळं बिल भरत नाही. डॉक्टरच्या बिलातला साधारण ऐंशी टक्के भाग सरकार भरतं, वीस टक्के रुग्णाच्या डोक्यावर राहतो. ऑपरेशन मोठं असेल तर ते वीस टक्केसुद्धा माणसाला झोपवतात. म्हणून लोक त्या उरलेल्या भागासाठी आणखी एक खासगी विमा घेतात. असा विमा युनायटेड हेल्थकेअर ही बलाढ्य कंपनी विकते, पण त्यावर नाव असतं एएआरपीचं. तो घ्यायचा तर एएआरपीचं सभासद व्हावंच लागतं.

नाव वापरू दिल्याबद्दल कंपनी एएआरपीला पैसे देते. त्याला ते रॉयल्टी म्हणतात. या विम्यात ती हप्त्याच्या ४.९५ टक्के आहे, असं तिथल्या कोर्टातल्या कागदपत्रांतून पुढं आलं. पाच टक्क्यांहूनही कमी, मग त्यात काय एवढं, असं वाटेल. पाटी-पेन्सिल घ्या. समजा एका आजीचा हप्ता महिन्याला २०० डॉलर आहे. त्याचे ४.९५ टक्के म्हणजे ९ डॉलर ९० सेंट. बारा महिन्यांचे झाले ११८ डॉलर ८० सेंट. आणि तीच आजी संघटनेला वर्गणी किती देते? पंधरा-वीस डॉलर. म्हणजे आजी सभासद म्हणून जेवढं देते, त्याच्या सहा ते आठ पट पैसे संघटनेला ती विम्याची गिऱ्हाईक झाल्यामुळे मिळतात.

हाच हिशोब सगळ्या संघटनेचा मांडला तर अलीकडच्या वर्षांत वर्गणीतून येणारी रक्कम वर्षाला ३० कोटी डॉलरच्या आसपास आणि कंपन्यांकडून येणारी रॉयल्टी १०० कोटी डॉलरच्या वर. तिच्यातला सर्वांत मोठा वाटा विम्याचा.

आता मला सांगा, आपल्या गटाचं असं झालं, की बायांच्या बचतीतून तीन रुपये आणि बाहेरच्या कंपनीकडून दहा रुपये, तर अध्यक्षबाई फोन कुणाचा आधी उचलतील?

संघटनेचं यावर म्हणणं आहे, तेही ऐकून घेतलं पाहिजे. त्या म्हणतात, हे पैसे कुणा मालकाच्या खिशात जात नाहीत. यातूनच आम्ही म्हाताऱ्यांसाठी सरकारशी भांडतो. १९६८ पासून आमचे स्वयंसेवक लोकांचे कराचे कागद फुकट भरून देतात. फसवणुकीबद्दल सल्ल्याची फोनलाइन चालवतो. हे खरं आहे, आणि हे काम चांगलं आहे. म्हाताऱ्या माणसाला कामावरून काढू नये, औषधं स्वस्त व्हावीत, यासाठी एवढी ताकद लावणारं दुसरं कुणी त्या देशात नाही. टक्केवारीवरून लोकांनी दावेही लावले. ही रॉयल्टी नाही, बेकायदा दलाली आहे आणि आमच्या हप्त्यात लपवलेली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. काही दावे न्यायालयांनी फेटाळले, त्यात २०२० मधल्या एका अपिलाचा निकालही आहे. तेव्हा कायद्यानं बघितलं तर संघटना चोर नाही. पण कायद्यात बसतं म्हणून सभासदाच्या मनातली खटक जात नाही.

ती खटक कशाकशात दिसते ते सांगते. या तक्रारी तिथली माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत आणि ऐकताना तुम्हाला ओळखीच्या वाटतील.

पहिली तक्रार टपालाची. पन्नाशी जवळ आली की घरी पाकीट येतं. आत कार्डासारखं कार्ड, त्यावर तुमचं नाव छापलेलं. तिथल्या लोकांत यावर विनोदच झाला आहे, की म्हातारपण आल्याचं आरशाच्या आधी एएआरपी सांगते. सभासद झालं की मग विम्याची पाकिटं, क्रेडिट कार्डाची पाकिटं, सहलींची पाकिटं. एखादं माणूस वारलं तरी त्याच्या नावानं टपाल येत राहतं आणि घरच्यांना ते बघून वाईट वाटतं.

दुसरी तक्रार आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाची. पहिल्या वर्षी वर्गणीत सूट मिळते, पण कार्डाचा नंबर देऊन ठेवायचा आणि दरवर्षी वर्गणी आपोआप कापली जायची, अशी अट असते. सूट लक्षात राहते, अट लक्षात राहत नाही. पुढच्या वर्षी पैसे कापले गेले की माणूस चिडतो. "मी सांगितलंच नव्हतं" असं तो म्हणतो, आणि कागदावर त्याची सही असते.

तिसरी तक्रार सवलतींची. सभासद झाल्यावर हॉटेलात सूट, गाडी भाड्यानं घेण्यात सूट, चष्म्यात सूट. पण गेल्यावर कळतं की तिथं म्हाताऱ्या माणसाला ती सूट अशीही मिळते, किंवा कुणालाच न सांगता त्याहून स्वस्त दर चालू असतो. आपल्याकडचं उदाहरण घेते. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला पूर्ण फुकट. ही सरकारची सवलत आहे. उद्या एखादी संस्था आली आणि म्हणाली, आमचं दोनशे रुपयांचं कार्ड घ्या, एसटीत अर्धं तिकीट मिळेल, तर? हसू नका, असल्या कार्डांना पैसे देणारी माणसं असतात. म्हातारी माणसं कागदावर विश्वास ठेवतात, आणि कागदावर शिक्का असला तर जास्तच.

चौथी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. भरपाई अडली की सभासद एएआरपीला फोन करतो, कारण विम्यावर त्यांचं नाव आहे. तिथून उत्तर येतं, आम्ही विमा कंपनी नाही, कंपनीला फोन करा. आणि हे खरंही असतं, कागदाच्या खाली बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. पण माणसानं विमा घेतला तो कंपनीकडे बघून नव्हे, संघटनेकडे बघून. विश्वास एकाच्या नावावर घ्यायचा आणि जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर टाकायची, ही यातली खरी ग्यानबाची मेख आहे. २००८ साली याची मोठी वाच्यता झाली. एएआरपीच्या नावानं विकले जाणारे काही विमे असे होते की त्यात आजारासाठी ठरावीक छोटी रक्कम मिळायची आणि उरलेलं मोठं बिल माणसाच्याच अंगावर. घेणाऱ्याला वाटायचं, आपण पूर्ण विमा घेतला. चार्ल्स ग्रासली नावाच्या सेनेटरनं जाब विचारला, तेव्हा संघटनेनं त्या विम्यांची विक्री थांबवली. आधी कुणी थांबवली नव्हती, हे लक्षात घ्या. आणि जाब विचारला तो बाहेरच्या माणसानं.

आणि शेवटची तक्रार, "आम्हाला विचारलं का?" १९८८ साली सरकारनं मेडिकेअर वाढवणारा एक कायदा केला. मोठ्या आजारांचा खर्च भागवण्यासाठीचा. एएआरपीनं पाठिंबा दिला. पण त्याचा खर्च म्हाताऱ्या माणसांवरच जादा कर बसवून काढायचा होता, जास्त मिळकत असलेल्याला पहिल्याच वर्षी ८०० डॉलरपर्यंत. म्हातारी माणसं भडकली. १९८९ च्या ऑगस्टमध्ये शिकागो शहरात त्यांनी रॉस्टेनकोव्स्की नावाच्या मोठ्या पुढाऱ्याची गाडी अडवली, गाडीला धक्के मारले, तो उतरून पळाला. आज्या-आजोबांनी पळवून लावलेला पुढारी टीव्हीवर साऱ्या देशानं पाहिला. त्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. संघटना ज्यांच्या वतीनं बोलत होती, त्यांच्या मनात काय आहे हे तिला कळलंच नव्हतं.

२००३ साली पुन्हा तसंच. औषधांचा खर्च भागवणारा कायदा आला. त्यात एक कलम होतं, की सरकारनं औषध कंपन्यांशी दराची घासाघीस करायची नाही. शिवाय मध्येच एक खड्डा ठेवलेला, म्हणजे ठरावीक खर्चानंतर मदत थांबायची आणि फार मोठा खर्च झाल्यावर पुन्हा सुरू व्हायची. एएआरपीनं याला पाठिंबा दिला. काही सभासद वॉशिंग्टनला तिच्या कचेरीसमोर गेले आणि आपली सभासद कार्डं नष्ट केली. हजारोंनी राजीनामे दिले. २००९ साली आरोग्य सुधारणेच्या वादात पुन्हा सुमारे ६० हजार सभासद सोडून गेले.

साठ हजार! आपल्याकडे एवढी माणसं सोडून गेली तर संस्थेला कुलूप लागेल. पण तिथं सभासद होते चार कोटींच्या आसपास. भागाकार करा, साडेसहाशेत एक गेला. शिवाय त्याच काळात त्याहून कितीतरी जास्त नवीन सभासद आले, असं संघटनेनं सांगितलं. साडेसहाशे माणसांच्या गावातून एक माणूस रुसून गेला तर ग्रामसभेत त्याची आठवण तरी निघते. चार कोटींची ग्रामसभा भरत नाही. आणि जो गेला त्याची वर्गणीच गेली. ज्याचा विमा त्याच नावावर आहे त्याला सोडून जाणं सोपं नाही, कारण म्हातारपणी आणि आजार जडल्यावर नवा विमा स्वस्तात कोण देणार? तो राग गिळून राहतो. राहिलेली सगळी माणसं खूश आहेत असा हिशोब मात्र संघटना लावू शकते.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. ओरडा वाया जात नाही, उशिरा का होईना पोचतो. सरकारनं औषधांच्या दरात घासाघीस करायची नाही हे जे २००३ चं कलम, ते उठवावं म्हणून पुढं एएआरपी स्वतःच झटली, आणि २०२२ च्या कायद्यानं काही औषधांपुरती ती मोकळीक सरकारला मिळाली. मधे एकोणीस वर्षं गेली. २००३ साली कार्ड नष्ट करणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना याचा काय उपयोग झाला, ते विचारू नका.

आता आपल्या गटाच्या प्रश्नाकडे येऊ.

टक्के घ्यावेत का? माझं मत स्पष्ट सांगते. विमा काढा, पण गटाला टक्के मिळावेत म्हणून नव्हे. ज्या दिवशी गटाच्या शिल्लकेत टक्केवारी येऊ लागेल, त्या दिवसापासून हप्ता महाग आहे का, भरपाई वेळेवर येते का, हे विचारायला गटाची जीभ जड होईल. भांडायची वेळ आली तर सभासद बाई गटाकडे बघेल आणि गट कंपनीकडे. यात कुणी वाईट माणूस असायची गरज नाही. अँड्रसबाईंची संघटना काही वाईट माणसांनी काढली नव्हती.

तरी काही गटांना त्यातून काम करायचं असेल, तर सरळ वाट आहे. विमा नियामकाच्या नियमांत बचत गटालाही कंपनीशी रीतसर करार करून छोट्या विम्याचं, म्हणजे सूक्ष्म विम्याचं, काम करता येतं. मग टक्के किती हे कागदावर येतं. कागदावर येत नाही ते घेऊ नये. आणि हे टक्के गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहा : अमुक हप्त्यामागे गटाला इतके रुपये मिळतात. ज्या बाईला घ्यायचा नाही तिच्यावर जबरदस्ती नको. "विमा घेतला तरच कर्ज" असं म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. गट-विम्यात कंपनीनं ठरवलेल्या हप्त्याच्या वर एक रुपयाही मधल्या कुणी घ्यायचा नाही, असा नियम आहे. पावती आणि विम्याचं प्रमाणपत्र प्रत्येक बाईच्या नावाचं वेगळं मागा. गटाच्या कपाटात एकच जाड कागद आहे आणि बाईच्या हातात काही नाही, हे चालायचं नाही. नवरा नाहीतर मुलगा उद्या भरपाई मागायला जाईल तो कशाच्या जोरावर?

कंपनीच्या माणसाला हे विचारा : भरपाई अडली तर फोन कुणाला करायचा, तुला का कंपनीला? नंबर लिहून दे. कोणता आजार यात बसत नाही? आधीपासून साखर किंवा रक्तदाब असेल तर किती वर्षं थांबायचं? हप्ता पुढच्या वर्षी किती वाढेल? सासूबाईंचं वय सत्तर झालं तर विमा चालू राहील का बंद पडेल? याची उत्तरं तो तोंडी गोड बोलून देईल. त्याला म्हणावं, कागदावर कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव.

आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं तर आपल्याकडेही आहेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये, जीवनज्योतीचे ४३६ रुपये. दोन्ही सरकारी योजना आहेत आणि गरिबाला परवडणाऱ्या आहेत, मी त्यांच्याबद्दल तक्रार करत नाही. पण मे महिन्याच्या शेवटाला खात्यातून पैसे जातात आणि कित्येक बायांना कळतच नाही कशाचे गेले. दुसरीकडून बघा, खात्यात तेवढी शिल्लक नसली तर विमा गुपचूप बंद पडतो आणि घरची माणसं विमा चालू आहे असंच समजत असतात. अपघाताच्या वीस रुपयांच्या विम्याला वयाची मर्यादा सत्तर आहे. जीवनज्योतीत पन्नाशीपर्यंत शिरता येतं आणि तो पंचावन्नपर्यंतच चालतो. सासूबाईंचं वय साठ असेल तर त्यांना जीवनज्योतीची आशा दाखवणाऱ्याला आधार कार्डावरची जन्मतारीख दाखवा. जून महिन्यात पासबुक भरून आणा आणि गटाच्या बैठकीत शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. नको असेल तर बँकेत लेखी अर्ज द्यावा लागतो, नुसतं सांगून कापणं थांबत नाही.

गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडचे बहुतेक संघ छोटे असतात, पारावर बसणारे, वाढदिवस करणारे, सहल काढणारे. त्यात विम्याचा धंदा नसतो. पण तिथंही वर्षातून एकदा जमाखर्च वाचून दाखवतात का, आणि बायकांना सभासद करून घेतात का, हे विचारायला हरकत नाही. पुष्कळ ठिकाणी आजोबा सभासद असतात आणि आजी चहा करते.

आणि फसगत झालीच तर? आधी लेखी तक्रार, जिनं किंवा ज्यानं विकलं त्याच्याकडे नव्हे, थेट कंपनीकडे किंवा संस्थेकडे. एक प्रत आपल्याजवळ, तिच्यावर पोच, तारखेसह. विमा घेतल्यावर कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत तो नको म्हणून परत करता येतो, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. कारण पुष्कळ वेळा लेक दिवाळीला माहेरी येते, कागद वाचते आणि तेव्हा कळतं की आईनं भलतंच काही घेतलंय. विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५ हा नंबर आहे. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याच्या कचेऱ्या मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण नकार आल्यापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे. विम्याशिवाय इतर काही असेल, सभासदत्वाचं कार्ड, सहलीचे पैसे, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायला फी नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी त्रास देत असेल, फसवत असेल, किंवा त्याला नुसता सल्ला हवा असेल, तर १४५६७.

हे नंबर पुन्हा एकदा सावकाश सांगते, पेन घ्या. विमा, एक-पाच-पाच-दोन-पाच-पाच. ग्राहक, एक-नऊ-एक-पाच. ज्येष्ठ नागरिक, एक-चार-पाच-सहा-सात.